सॅम्पल फ्लॅटमधला आखूड पलंग

बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये माझे वडील चपला न काढता पलंगावर आडवे झाले, आणि त्या दुपारपासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आम्ही सगळ्यांना नकोसे झालो.

बाबा उंच. कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हा खात्यातले लोक त्यांना साच्यांच्या वरच्या माळ्यावरची सामानं काढायला हाक मारायचे म्हणे. गिरणी गेली, मग एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात त्यांनी नोकरी धरली, आणि चाळीतली खोली विकून मुलुंडला वन रूम किचन घेतलं. त्यांना मुलुंडला आणलं ते आमच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांनी. दोघं एकाच खात्यातले, एकाच पाळीतले. आमची बिल्डिंग बांधणारा पहिला बिल्डर जिन्याला कठडा न लावताच गायब झाला होता. या दोघांनी त्याला ठाण्यात शोधून काढला, काकांनी त्याची कॉलर धरली, आणि त्याच्याच पैशानं लोहार आणून कठडा बसवून घेतला. लहानपणी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की त्या कठड्याला हात लावला की मला काकांचा हात आठवायचा. पुढे काका चेअरमन झाले ते झालेच. निवडणूक वगैरे आमच्याकडे कधी झाली नाही.

मी एका घरकर्ज देणाऱ्या कंपनीत आहे. पुढचा हप्ता सोडायच्या आधी बांधकाम खरंच तेवढं झालंय का, हे बघायला मला पाठवतात. त्यामुळे मी देशभर अर्धवट घरं बघत फिरतो. नागपूरला लोक अजून प्लॉटबद्दल बोलतात. घर नंतर, आधी जमीन कॉर्नरची आहे का ते सांगा. अहमदाबादला घरची बाई हॉलकडे बघतसुद्धा नाही, थेट स्वयंपाकघराच्या मागे धुण्याभांड्याची जागा केवढी ते बघते, आणि ती लहान असली की नवरा बिचारा चेकबुक परत खिशात घालतो. केरळात आखाताच्या पैशावर अशी घरं बांधलीत की एक स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला आणि मागे दुसरं खरोखर रांधायला. राहायला मात्र म्हातारा म्हातारी, आणि वरच्या खोल्यांना कुलूप. हैदराबादचे फ्लॅट एवढे की आत बोललं तर आवाज परत येतो. दिल्लीच्या बाहेर टॉवरचे नुसते सांगाडे उभे आहेत, त्यांच्यात गवत वाढलंय, आणि ज्यांनी ते घेतलेत ते भाड्याच्या घरात राहून त्यांचे हप्ते भरतायत. आमच्या कोकणातल्या गावाबद्दल तर बोलायलाच नको. डोंगर कापून मुंबईकरांसाठी पोहायच्या तलावांचे बंगले झालेत, आणि खालच्या वाडीतल्या विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं.

सगळीकडे लबाडी आहे, पण निदान बाकी देशात नवं घर रिकाम्या जागेवर बांधतात. आमच्या उपनगरांत रिकामी जागा उरली नाही. इथे नवं घर हवं असेल तर आधी कोणाचं तरी राहतं घर पाडावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते स्वतःचंच असतं. रिडेव्हलपमेंट म्हणतात त्याला. आमच्या गल्लीत एकेक बिल्डिंग पडत गेली. पत्रे लागले, धूळ उडाली, टॉवर आले. मग आमच्याही सोसायटीनं एक बिल्डर पसंत केला. पसंत काकांनी केला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी बिल्डरनं एसी बस पाठवली. घाटकोपरला त्याचं दुसरं काम चालू होतं, तिथे त्यानं आमच्या होणाऱ्या घराचा नमुना उभा केला होता. सगळे नटूनथटून आले होते, जणू साखरपुड्याला निघालेत. दारात थंड सरबत. आत इतकं गार की काकांच्या बायकोनं, काकूंनी, पदर अंगाभोवती घेतला. ब्लेझर घातलेली एक मुलगी पुढे पुढे चालत "हा तुमचा लिव्हिंग, हा तुमचा मास्टर" असं सांगत होती. भिंतीवर आरसे. कपाटं अशी उथळ की हँगर आडवा बसणार नाही. टेबलावर प्लास्टिकची संत्री.

"दारं कुठायत?" बाबांनी विचारलं.

"सर, ओपन फील यावा म्हणून नाही लावली."

माझी बायको दुसऱ्या छोट्या खोलीच्या चौकटीत उभी होती. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती आणि तिचा अभ्यास ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरशेजारी पाट टाकून चालायचा. बायकोनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नुसती चौकटीला हात लावून उभी राहिली. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या खोलीतला पलंग आखूड आहे हे मला दारातूनच दिसलं होतं. सगळ्या शहरांत असे पलंग मुद्दाम बनवून घेतात, खोली मोठी दिसावी म्हणून, आणि मुंबईतले सगळ्यांत आखूड. पण रविवार होता. मी कामावर नव्हतो.

तेवढ्यात मोठ्या खोलीतून त्या मुलीचा आवाज आला. "सर, सर, प्लीज!"

आम्ही धावत गेलो. बाबा पलंगावर उताणे पडले होते, डोकं उशीवर, हात पोटावर. चपला पायात. आणि पाय घोट्याच्या वरपासून पलंगाच्या बाहेर लोंबत होते.

"सर, हे डिस्प्लेसाठी आहे."

"झोपायला नाही?"

"अरे उठ," काका दबक्या आवाजात म्हणाले. "काय चाललंय तुझं? लोकं बघतायत."

"बघू देत ना. माझे पाय बघू देत." बाबा उठले नाहीत. त्यांनी मान वळवून त्या मुलीकडे पाहिलं. "बाई, साधा पलंग इथे बसेल का?"

ती हातातल्या टॅबकडे बघायला लागली. तिचा साहेब पुढे आला. हसरा, तरुण, गळ्यात कंपनीचं कार्ड. "अंकल, आपण कस्टमाइज करू शकतो."

"काय? पलंग की माणूस?"

दोघंतिघं हसले. काका हसले नाहीत. बाबा उठून बसले आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. तू देशभर हेच बघत फिरतोस ना? साधा पलंग टाकला तर काय होईल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बायकोकडे पाहिलं. ती मानेनंच नको म्हणाली. इतकी थोडी मान हलवली की दुसऱ्या कोणाला कळलं नसेल.

"कपाटाचं दार उघडणार नाही," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये आमच्या पुढच्या आणि मागच्या सीटवर कोणी बसलं नाही. बायको खिडकीकडे तोंड करून बसली.

दोन दिवसांनी काका वर आले. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. बायकोनं चहा ठेवला. बाबा खुर्चीत, काका कॉटवर. नेहमीसारखे बसले, पण चहाला कोणी हात लावला नाही.

"संमतीचा कागद आलाय," काका म्हणाले. "बाकी सगळ्यांच्या सह्या होतायत. एक जरी राहिली तर तो कामाला हात लावणार नाही म्हणतो."

"खोली वीतभर लांब करायला सांग. मी आत्ता सही करतो."

"तो बिल्डर आहे रे, तुझा नोकर नाही. प्लॅन पास झाले."

"पास कोणी केले? तू बघितलेस?"

"हे बघ, तुला नको असेल तर नको. पण आमच्या तोंडातला घास का काढतोस?"

"तोंडातला घास? अरे, त्यानं आपल्याला आपलंच घर दाखवलं आणि ते पण खोटं दाखवलं. जिन्याच्या कठड्याच्या वेळी तू कॉलर धरलेलीस ना?"

"तेव्हा गुडघे चांगले होते!" काका एकदम ओरडले. मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "ही बाजारातून येते ना, तेव्हा प्रत्येक मजल्यावर बसते. पायरीवर. पिशवी मांडीवर घेऊन. मला लिफ्ट पाहिजे. मरायच्या आधी पाहिजे, कळलं? तुझे पाय बाहेर आले तर दुमडून झोप."

बाबा रागावले की मुंबईची भाषा सुटायची आणि मालवणी यायची. "जन्मभर पाय दुमडूनच निजलंय मी. चाळीत, गोदामात, हय. आता नाय दुमडूचंय."

काका उठले. जाताना दारात माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तू तरी समजाव." बायको म्हणाली, "माझं कोण ऐकतं काका?" आणि त्यांच्यामागे तिनं दार जरा जोरातच लावलं.

मग सुरू झालं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सुविचार यायचे, काही लोक स्वतःही जगत नाहीत आणि दुसऱ्यालाही जगू देत नाहीत अशा थाटाचे, खाली हात जोडलेले. नाव कोणाचंच नाही. कचरेवाली बाई आमच्या मजल्यावर यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "मला सांगितलंय." कोणी सांगितलं ते सांगेना. एके सकाळी दार उघडलं तर दुसऱ्याच कोणाच्या घरातली कचऱ्याची पिशवी फुटून आमच्या उंबऱ्यावर पडली होती. माशाचे काटे, वापरलेले डायपर. बायकोनं ते सगळं हातानं गोळा केलं आणि खाली नेऊन टाकलं. मला वाटलं ती कोणाच्या तरी दारात ओतेल. मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

गणपतीत वर्गणी गोळा करायला पोरं आली. समोरच्या दाराची बेल वाजली, शेजारच्या दाराची वाजली, आणि पावलं खाली उतरली. बाबा पैसे हातात घेऊन दाराशी उभे होते. मग आत येऊन त्यांनी पैसे परत पाकिटात ठेवले. सोसायटीचा पहिला गणपती बाबांनी आणि काकांनी लालबागहून टेम्पोत मांडीवर धरून आणला होता.

घरातही काही चांगलं चाललं नव्हतं. बायको बाबांना बाबा म्हणायची बंद झाली. "तुमच्या वडिलांना सांगा आंघोळीला पाणी काढलंय." ते समोर बसलेले असायचे. एकदा मी तिला म्हणालो, जरा सांभाळून बोल. तिनं पोळी तव्यावरच सोडली.

"सांभाळून? त्यांचे पाय बाहेर येतात म्हणून माझ्या पोरीनं ओट्याखालीच शिकायचं का? तुझ्या कपाटाच्या दाराचं काय करू मी? नाही उघडलं तर नाही. कपडे पिशवीत ठेवले असते. एक खोली मिळत होती रे. एक खोली!"

मलाही ती खोली हवी होती. मी बाबांशी भांडलो. त्यांना म्हटलं, तुम्ही हट्टी आहात, एवढ्या वर्षांत तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत, ती होती तोवर आईचंही नाही. ते म्हणाले, "तुझ्या आईला विचारायला ती हवी होती," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पुढे कित्येक दिवस आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलायचा तो टीव्हीच.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा एका रविवारी बिल्डरचा तो गळ्यात कार्डवाला माणूस घरी आला. एकटाच, मिठाईचा बॉक्स घेऊन. बसला, खोलीभर नजर फिरवली, मुलीला कितवीत आहेस विचारलं. मग बाबांकडे वळला.

"अंकल, तुमची तक्रार बरोबर आहे. तुमच्यासाठी आम्ही कोपऱ्यातला फ्लॅट बघितलाय. बेडरूम लांब आहे. खिडकी डोंगराकडे. फक्त हे आपल्यातच राहू दे."

बायको ओट्याशी उभी होती. तिचे हात थांबले. मी मनात म्हणालो, बाबा, हो म्हणा. एकदा तरी हो म्हणा.

"बाकीच्यांच्या खोल्या?" बाबांनी विचारलं.

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील ना अंकल."

बाबा उठून गॅलरीत गेले. खाली कंपाऊंडमध्ये काका वॉचमनशी बोलत होते. बाबांनी वरूनच हाक मारली, जशी वर्षानुवर्षं मारायचे. "ए! वर ये जरा."

काका आले. धापा टाकत होते. कार्डवाल्याला बघून दारातच थांबले.

"सांग ह्याला, मला काय देतोस ते," बाबा म्हणाले.

कार्डवाला गडबडला, पण काकांना बघून त्याला हायसं वाटल्यासारखं झालं. "सरांना माहितीये ना अंकल. सरांचं पण असंच ॲडजस्ट केलंय आम्ही. त्यात काय!"

तो खरंच भोळेपणानं बोलला. आम्हाला एवढं माहीत असणार असंच त्याला वाटलं असावं. काका दाराची चौकट धरून उभे होते. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, आणि म्हणाले, "हिला खालचा मजला पाहिजे होता. लिफ्ट बंद पडली तर." काका उलट पावली खाली गेले. कार्डवाल्यानं बॉक्स टेबलावर तसाच ठेवला. तो निघाल्यावर बायकोनं बॉक्स उचलून त्याच्या मागे जिन्यात ठेवला आणि कडी लावली.

पुढची जनरल बॉडी गच्चीवर झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, टाकीचं पाणी ठिबकतंय. बाबांनी उभं राहून सगळं सांगितलं. काका म्हणाले, हे खोटं आहे. सरळ तोंडावर म्हणाले. कार्डवाला पण हजर होता. तो म्हणाला, गैरसमज झालाय. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी तिथे होतो, माझ्यासमोर बोलणं झालंय, माझ्या बायकोसमोर झालंय.

"तुझी बायको काय साक्षीदार?" मागून कोणीतरी म्हणालं. "तुम्ही एकाच ताटात जेवणार!"

"दोन वर्षं आमची वाट लावलीत!"

"कंपनीकडून खातो हा! दुसऱ्या बिल्डरचा माणूस आहे!"

दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, ज्यांच्या मुलाला मी गणित शिकवलं होतं, माझी कॉलर धरली. शर्ट फाटला, बटण उडून टाकीखाली गेलं. बाबा मधे आले. त्यांना धक्का लागला आणि ते खुर्चीवर आपटले. मग सगळे एकमेकांवर ओरडायला लागले, आणि मजा अशी की त्या ओरडण्यात एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. कोणाला पार्किंग कबूल झालं होतं, कोणाला वरचा मजला, कोणाच्या जावयाला सुतारकाम. कार्डवाला कधी निघून गेला ते कोणालाच कळलं नाही.

काही महिन्यांनी बिल्डरनं अंग काढून घेतलं. आमच्यामुळे नव्हे. त्याला बोरिवलीला मोठा प्लॉट मिळाला होता. हे मला कामामुळे नीट माहीत होतं आणि मी ते सगळ्यांना सांगितलंही. कोणी ऐकलं नाही. त्यांना माझ्या बापाला शिव्या घालायच्या होत्या आणि त्या त्यांनी पोटभर घातल्या. काकांनी चेअरमनपद सोडलं. त्याचंही खापर आमच्यावर.

दुसरा बिल्डर आला तो शांत, कंटाळलेला माणूस. त्यानं सॅम्पल फ्लॅट बांधला नाही. नुसते नकाशे आणले. नवी कमिटी तरुण पोरांची होती, त्यांनी नकाशे माझ्याकडे पाठवले. तोंडानं काही म्हणाले नाहीत, दाराखालून सरकवले. मी बसून प्रत्येक खोलीत साधा पलंग, साधं कपाट आणि उघडं दार काढून परत पाठवले. खोल्या लांब झाल्या. हॉल तेवढा लहान झाला. लोक म्हणाले, आता पाहुणे कुठे बसवायचे? आधीचा प्लॅन काय झकास होता!

आम्ही नाहूरला भाड्याच्या घरात गेलो. बिल्डिंग पाडायला सुरुवात झाली तेव्हा बाबा एकदाही बघायला गेले नाहीत. काका भांडुपला राहायला गेले होते, दुसऱ्या मजल्यावर, तिथेही लिफ्ट नव्हती. नव्या बिल्डिंगचा पाया वर यायला लागला होता तेव्हा काका गेले. झोपेत गेले म्हणाले. ग्रुपवर मेसेज आला. बाबांनी तो माझ्या फोनवर वाचला आणि फोन परत दिला.

"चला," मी म्हणालो.

"तू जा."

"बाबा, आयुष्यभराची ओळख आहे."

"तोंडावर खोटं बोलला तो. सगळ्यांसमोर. तू जा."

मी गेलो. स्मशानात काकांचा मुलगा माझ्यासमोर आला. आम्ही लहानपणी एका बॅटनं खेळायचो. "तू कशाला आलास?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. मी परत फिरलो. घरी आलो तर बाबांनी जेवण लवकर मागितलं होतं आणि ते जेवून बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "माणसं होती का बरीच?"

"होती."

"हं," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मी त्यांना तेव्हा माफ केलं नाही. काकांनाही केलेलं नाही. दोघांपैकी एकानं जरी वीतभर माघार घेतली असती, तर काय झालं असतं, याचा हिशेब मी टूरवर हॉटेलच्या खोल्यांत बसून फार केला. त्यातून काही निघालं नाही. त्या कार्डवाल्याला मी मधे एकदा मालाडला एका साइटवर पाहिलं. वरच्या पदावर गेला होता. त्यानं मला ओळखलं नाही आणि हसून हात पुढे केला. मी हात खिशात ठेवला.

आता आम्ही नव्या घरात आहोत. मुलीला खोली मिळाली, पण ती आता कॉलेजला आणि दिवसभर बाहेर असते. काकू आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी बेल वाजली, मी दार उघडलं तर काकू. केस सगळे पांढरे झालेले. मला बाजूला करून त्या आत आल्या आणि बाबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"तुमच्यामुळे ते इथे आले नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायला आले."

बाबा उठून उभे राहिले. हात जोडायला वर आले, अर्ध्यातच थांबले. काकू बघत राहिल्या. मला वाटलं त्या अजून काही बोलतील, किंवा बसतील, किंवा रडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. वळल्या आणि निघाल्या.

तेव्हा माझी बायको आतून आली. पिठाच्या हातानं, ओढणी खोचलेली. मला ढकलून ती बाहेर पॅसेजमध्ये गेली.

"काकू, थांबा!" तिचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. दोनतीन दारं किलकिली झाली. "ऐकून जा आता. मी याच माणसाशी दोन वर्षं बोलले नाही. तुमच्यासाठी. तुम्हा सगळ्यांसाठी. आमच्या दारात घाण टाकलीत, मी उचलली. माझ्या नवऱ्याचा शर्ट फाडलात, मी शिवला. तुमचे मिस्टर खोटं बोलले, मी तिथे उभी होते, मी ऐकलंय, तरी गप्प बसले. आणि आता माझ्या घरात येऊन माझ्या सासऱ्याला बोलता? तुमची बेडरूम लांब कोणी करून दिली? हो, त्यातच निजताय ना रोज? मग?"

काकू लिफ्टच्या दाराला हात लावून ऐकत होत्या. "मला बेडरूमचं काय करायचंय गं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या घरात गेल्या. त्यांचं दार बंद झालं. मग बाकीची दारं एकेक करून बंद झाली.

बायको परत आली. बाबा अजून उभेच होते.

"तुम्ही पण काय ऐकून घेता हो!" ती त्यांच्यावरच ओरडली. "बसा. बाबा, बसा म्हणते ना."

ते बसले. तिनं पाणी आणून त्यांच्या हातात दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत भांडं धरून उभी राहिली.

त्यानंतर काकू आमच्याशी बोललेल्या नाहीत, आम्ही त्यांच्याशी नाही. लिफ्टमध्ये त्या असल्या तर माझी बायको जिन्यानं उतरते. बाबा कुठेच जात नाहीत. कोणी विचारलं तर सांगतात, खाली ओळखीचं कोणी राहिलं नाही.